लिंडेनाऊ, मी जाते

१७ नोव्हेंबर १९४६

रुफीन दादा,

तुझं पत्र मिळालं. जर्मनीत खाणीत काम लागलं, पोटभर जेवतोस, वाचून बरं वाटलं. इथे थंडी पडलीय. बटाटे काढून झाले. शेळी बरी आहे. शाळा सुटली ते एक बरंच झालं, उभं राहून बोलायला लागत नाही.

नाताळाला घरी येतो म्हणतोस. त्याचं सांगते, आधी आईचं सांगू दे.

आई गेली ते तुला कळलंच आहे. तिची शवपेटी उंबऱ्याला तीनदा टेकवली, मग वेशीवरच्या क्रूसापाशी ठेवली. तिथे गेलेल्या माणसाच्या वतीने गावाचा निरोप घ्यायचा, नाव घेऊन. ते बोलणाऱ्या क्लोसेकाकांना तर उन्हाळ्यातच गाडीत कोंबून तिकडे जर्मनीत पाठवलं. सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"बोल की गं! तोंडात जीभ आहे का बटाटा?" कालूजाकाकू म्हणाल्या.

नाव कुठलं घेऊ? गाव मुळात लिंडेनच्या झाडांचं. बाबांकडचे त्या झाडाला लिपा म्हणतात, म्हणून गावही लिपा. गावात असलं की 'लिप्ये', गावातून निघालं की 'लिपी', शेपूट बदलतच राहतं. आईचं जर्मन लिंडेनाऊ मात्र या नाहीतर जा, तेच. लढाईनंतर गाव जर्मनीकडून गेलं, आता पाटीवर लिपा आहे, आणि जर्मन बोललं की धरतात. शिपाई शेजारीच उभा होता.

पण आईने जन्मात कधी लिपा म्हटलं नाही रे. परक्याच गावाचा निरोप तिने का घ्यावा?

"लिंडेनाऊ, मी जाते," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते.

"हिला कुणी शिकवलं?" शिपायाने विचारलं. बाबा पुढे झाले. टोपी हातातच होती. म्हणाले, "मी." आईवर मूठभर माती टाकायलाही थांबू दिलं नाही त्यांना.

छावणीत ठेवलंय, इतकंच लिहून पत्र बंद करणार होते. पण मग तू येशीलच.

गेल्या आठवड्यात बाबांचे बूट घरी आले. नुसते बूट. कुठे पुरलं तेही सांगत नाहीत. मग मी ते बूटच उंबऱ्याला टेकवले, क्रूसापाशी नेऊन ठेवले, आणि बाबांच्या बोलीत त्यांच्या वतीने गावाचा निरोप घेतला. ऐकायला कुणी नव्हतं.

दादा, तू येऊ नकोस. तू जर्मन फौजेत होतास, हे इथले शिपाई विसरलेले नाहीत. पाकिटावर लिपाच लिही, पण लिहीत जा.

तुझा निरोप मला बोलायला लावू नकोस.

तुझीच,
ट्राउडल