विहारातलं वाचन

भद्रावती

धम्मदीपच्या बाबाले केसरचा हात जोडून जयभीम.

मी इथी मजेत आहो. पोराचं क्वार्टर मोठं आहे, अन् आपली नात साक्षी मले चहाबी मांडू देत नाई. तुमचा खोकला कसा आहे? बकरी व्याली काय?

पावसाळ्यात वर्षावासाले तुम्ही विहारात वाचता तो ग्रंथ पानावर धरला का साक्षीचा मोबाईल आपल्या आपण वाचते, कुठी अडत नाई! मी हरखून गेली. तो आवाज गावातल्या बायाइच्या ग्रुपवर मीच पाठवाले लावला.

काल गावावून पारबताचा फोन आला. म्हणे, "बाई, आता विहारात मोबाईलच लावतो. तुमच्या घरचे लहानूभाऊ अडखळे तं आमाले झोप येये. आता ते मांगं बसून आयकते." ती हासली, मीबी हासली. मंग भाकर गोड लागली नाई.

तुम्ही म्हातारपणी रातशाळेत गेले ते याच वाचनासाठी. ते मीच हिसकलं.

मोबाईल चांगला वाचते, खोटं काऊन बोलू? पण दुःखाच्या जागी तुमचा आवाज भरून येते, तुम्ही थांबता, तवा आमी बाया डोळे पुसतो. मोबाईल थांबत नाई.

फोनवर हे बोलता नाई आलं. साक्षी बाजूले असते, अन् पोरीनं हौसेनं पाठवलं होतं.

हे पत्र विहारात समोर बसून सगळ्याइले वाचून दाखवा. चूक माही आहे, पारबताले बोल लावू नका. माह्यं वाकडं अक्षर मोबाईलले वाचता येत नाई, साक्षीनं माह्या किराण्याच्या यादीवर लावून पाह्यलं. तुमालेच वाचा लागन.

तुमची,
केसर