जावईबापूंचे रुंद टायर

बारामती,
अधिक भाद्रपद, शके १८५८

प्रिय कौसल्या,

जावईबापू परवा धोंड्याचं जेवण करून गेले. तुझ्या आईनं अनारशांवर तूप वाढलं, मी धोतरजोडी दिली, सगळं रीतीप्रमाणं झालं. सातवा महिना म्हणून तू आली नाहीस ते बरंच केलंस. माझं सायकलीचं दुकान बरं चाललंय.

ते नव्या सायकलीवर आले होते. नवी म्हणजे त्यांना. कालव्यावरच्या साहेबानं बदली झाल्यावर विकलेली, विलायती, हलकी. तिची रिम अरुंद, सव्वा इंची टायरची. चिखलात रुततं म्हणून जावईबापूंनी इंदापूरच्या बाजारातून पावणेदोन इंची टायर चढवून आणलेत. टायरवर दोन आकडे असतात. पहिला अठ्ठावीस जुळला की लोकांना वाटतं, झालं! दुसरा, रुंदीचा, कोण बघतो? रुंद टायर अरुंद रिमवर चढतो, ऐटीत दिसतोही. सरळ रस्त्यावर कुरकुर करत नाही. मागं ओझं असलं की वळणावर एका अंगाला लोळतो आणि रिम सोडतो. मग मागं बसलेल्याचं काय होईल, सांगता येत नाही.

मी चाक चाचपलं. टायर बोटानं इकडचा तिकडं होत होता. गिऱ्हाईक असतं तर तिथंच उतरवून हातात दिला असता. पण धोंड्याच्या महिन्यात जेवायला आलेल्या जावयाला सासऱ्यानं चूक दाखवायची? तुझ्या आईनं डोळे वटारले. तुझ्या बहिणीच्या, सारजाच्या नवऱ्याला मी एकदा बैलजोडीवरून बोललो, तर त्यानं तिला दोन दिवाळ्या माहेरी धाडलं नाही. तुझी आई ते विसरलेली नाही, मीही नाही.

जाताना जावईबापू म्हणाले की गौरीच्या आधी, गुरुवारी, कौसल्येला मागं बसवून मीच आणतो कालव्याच्या कडेनं, बैलगाडी कशाला? तुझी आई आपली व्हय व्हय म्हणत राहिली. जावई किती हौशी, असं तिला वाटलं. मी पंप पुसत बसलो.

म्हणून हे पत्र. टपालानं धाडलं तर कुणीही फोडील, म्हणून तुमच्या गावाहून बाजाराला आलेल्या तानूबाईच्या हाती देतोय. वाचलंस की चुलीत घाल. सासूबाईंपुढं तुला नाही म्हणता यायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला भीती वाटते गं, तुझी आणि पोटातल्या जिवाची. तेव्हा बुधवारी सांजच्याला कुंपणाच्या बाभळीचा लांब काटा घे आणि मागच्या चाकात खोल घाल. तुमच्या कोऱ्हाळ्यात पंक्चर काढणारं कुणी नाही. गुरुवारी आपला गडी बिरदेव सहज आल्यासारखा छकडा घेऊन येईल. तू त्यात बस, सायकलही त्यातच घालायला लाव. टायर मी इथं बदलीन, धोंड्याचं राहिलेलं वाण म्हणून. जन्मभर लोकांची पंक्चरं काढली, आता लेकीला करायला सांगतोय. काटा घालताना हात सांभाळ, पोरी.

तुझाच,
अप्पा