रक्तरथाची तिसरी क्लच प्लेट

स्वस्ति श्री. सकल-हिंगोली-नगर-भूषण, द्विद्वार-द्व्यासन-रक्तवर्ण-रथाधिपती, संस्कृताध्यापक, क्लच-प्लेट-द्वय-भस्मकर्ता, नियोजित-वर-श्वशुर श्रीमान देविदास किसनराव यांची ही रोजनिशी. परक्याने वाचू नये. पत्नीने तर नयेच.

६ एप्रिल
रथ पुनश्च पंगू. इंजिन गर्जते, चाके निश्चल, आसमंतात करपल्याचा दर्प.
ही जुनी स्पोर्ट्स कार गतवर्षी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्यांच्या हाती मूळ क्लच प्लेट वीस वर्षे नांदली. आता मूळ पार्ट मिळत नाहीत. माझ्या हाती बाहेरच्या बनावटीची पहिली प्लेट दिवाळीत गेली, दुसरी आज. निष्कर्ष: कलियुगातील सुट्या भागांत सत्त्व उरलेले नाही.

८ एप्रिल
कन्या कोमल हिचा विवाह चार मे रोजी. परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक; त्यात तो मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत घोड्यावरून येतो, अशी आपली रीत. कोमल जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना घोड्याचं लई भेव वाटतं. तुमीच गाडीत घालून आणा. तुमी संग असले की मला बी घोर न्हाई."
तथास्तु म्हणालो. नंतर परसात जाऊन दोन तांबे पाणी प्यालो. ऊन फार आहे.

१२ एप्रिल
मोंढा बाजारामागच्या गॅरेजात खाजा मियांनी तिसरी प्लेट बसवली. "मास्तर, या डावाला माल अस्सल हाय. लग्नात दगा दिला तर मिशा काढतो." मिशा भरघोस आहेत. आश्वस्त झालो.
ट्रायलला सोबत चला म्हटले, तर म्हणाले, इतक्या खाली बसायची गुडघ्यांना तकलीफ होते. सौभाग्यवती संगिता हिला विचारले. तिने उत्तरादाखल कणीक मळायला घेतली.

१५ एप्रिल
एकट्याने साखरा गावापर्यंत जाऊन आलो.
दोन प्लेटांच्या अकाली निधनातून एकच बोध घेतला: गाफील राहू नये. म्हणून वाम चरण क्लचच्या पेडलवरून आता क्षणभरही उचलत नाही. सरळ रस्ता असो की उतार, पाय तिथेच. पूर्वीही ठेवत असेच, परंतु अधूनमधून विसर पडे. तो प्रमाद बंद.
परतताना तीनदा थांबून रथास प्रदक्षिणा घातली. रस्ता खराब आहे.
अवांतर: डाव्या बुटाचा तळ पार झिजला. उजवा नवाकोरा. कंपन्या एक बूट चांगला बनवून दुसऱ्यात भेसळ करतात काय?

२२ एप्रिल
परण्याचा मार्ग पायी चालून तपासला. मध्ये रेल्वे फाटक. हा मुद्दा आजवर ध्यानात आला नव्हता.
तिथे उभा असताना एक मालगाडी गेली. गेल्यावरही बराच वेळ उभा होतो. घरी आल्यावर संगिताने विचारले, सदरा काहून भिजला? भय नव्हे, दक्षता, असे सांगितले. तिने सदरा धुवायला टाकला.

२६ एप्रिल
अन्न जात नाही. पत्रिका वाटताना जो तो म्हणतो, मास्तर, गाडीतून परण्या म्हणे! सगळ्या गावाला ठाऊक झाले. आता माघार नाही.
संकल्प: एक घोडा गुपचूप सांगून ठेवणे.

२७ एप्रिल
घोडेवाल्याच्या दारी गेलो. घोड्याने माझ्याकडे पाहिले. परत आलो.

३ मे
वेलदोडा चघळत आहे. पित्त असावे.

४ मे, सायंकाळ
विवाह संपन्न.
मारुतीपासून निघालो. पुढे बँड, पोरं नाचून राहिलेली, रथाची गती गोगलगायीची. मी अर्ध्या क्लचवर, पूर्ण एकाग्र. शेजारी जावई स्वप्निलराव, बाशिंग सावरत. अर्ध्या वाटेत त्यांनी खाली वाकून पाहिले व अदबीने म्हणाले, "मामा, क्लचवरचा पाय काढा की जरा, प्लेट जळते त्यानं." मी मंद स्मित केले. कोवळे वय. संकट कसे येते, अजून ठाऊक नाही.
संकट फाटकात आले. पुढची चाके रुळांच्या पार, मागची अलीकडे, आणि तो परिचित दर्प. चाके निश्चल. तेवढ्यात फाटकाची घंटा सुरू झाली.
यापुढचे मला नीट आठवत नाही. कोणी तरी रामरक्षा म्हणत होते. मागाहून कळले, मीच.
स्वप्निलराव बाशिंगासकट खाली उडी मारून रथ ढकलत होते. ताशेवाले, सनईवाले, व्याही, सगळे मागे. रथ पार झाला, मग फाटक पडले. वाम चरण शेवटपर्यंत क्लचवर होता, म्हणूनच रथ इतका सहज ढकलला गेला, हे कोणाच्या लक्षात आले नाही. मी सांगत बसलो नाही.
नवरदेव मंडपात पायीच आले, धुळीने माखलेले. कोमल रीत मोडून दारापर्यंत धावत आली. आधी मला पाहिले, मग त्यांना. "बाबा, तुमी थरथरून काहून राहिले?"
बँडचा आवाज फार होता, असे सांगितले.
पाठवणी व्याह्यांच्या जीपमधून झाली. रथ चालता असता तरी आसने दोनच. तिसरे माझे नव्हतेच.

७ मे
घर मोठे वाटते.
खाजा मियांनी मिशा काढल्या. ओळखू आले नाहीत. चौथी प्लेट दिल्लीहून मागवतो म्हणाले. सुट्या भागांच्या दर्जाविषयी आमचे पूर्ण एकमत झाले.
डाव्या बुटाला आज आरपार भोक पडले. दुकानात फक्त डावा मागितला, तर जोडच घ्यावा लागेल म्हणाला. मग या धडधाकट उजव्याचे मी काय करावे, ते मात्र कोणी सांगत नाही.