गळती बंद झाल्यापासून

तीर्थस्वरूप मामा,

पत्राच्या आधी नमस्कार, आणि तोही वाकून. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? दादाच्या नव्या घरात न्हाणीघराची फरशी तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलीत हे आईकडून कळलं. त्यानंतर खालच्या मजल्यावरची मंडळी वर येऊन भेटून गेली, हेही कळलं. (कशासाठी आली होती ते आईने सांगितलं नाही, पण तिला हसू आवरत नव्हतं.) इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे आई ठीक आहे, आणि बाबा ठीक आहेत असं बाबा म्हणतात. विहीर मात्र अजिबात ठीक नाही, आणि लिंबाची बाग विहिरीच्या जिवावर असल्यामुळे बागेचंही काही खरं नाही. माझं म्हणाल तर माझा पार गोंधळ उडालेला आहे. घराण्यातली पहिली पदवी घेतली तेव्हा मला वाटलं होतं, यापुढे आपला गोंधळ उडणार नाही, त्यासाठीच तर माणसं शिकत असतील. आता असं दिसतं की पदवी घेतल्यावर गोंधळ जास्त नीट उडतो, मुद्देसूद उडतो, एवढाच फरक.

आपल्या शेताच्या वरच्या अंगाने जो पाट जातो, त्याच्या वळणावरचं सिमेंटचं अस्तर तुम्ही तरुणपणी बांधलंत हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ते बांधल्या दिवसापासून गळतं, हे सांगायची हिंमत घरात कुणी केली नसेल तर ती मी करते. मामा, ते फार गळत होतं. पाणी सुटलं की वळणाखालची पायवाट चिखलाची व्हायची, आणि शाळेत जाताना माझी चप्पल तिथे रुतली की मागून पोरं ओरडायची, ‘गळक्याची भाची आली रे!’ मी वळून सांगायची, माझे मामा गवंडी आहेत. पोरं म्हणायची, तेच तर म्हणतोय आम्ही. (तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. पुढचं समजायला याची गरज आहे.) तेव्हापासून माझ्या मनात होतं की शिकून मोठं व्हायचं, पाण्याचा थेंबन् थेंब वाचवायचा आणि जमल्यास तुमचं नावही धुऊन काढायचं.

पदवी घेऊन आले तर पाणीवापर संस्थेला सचिव हवाच होता. आधीचे सचिव बैठकीत झोपायचे आणि टाळ्या वाजल्या की दचकून ‘मंजूर’ म्हणायचे. अध्यक्ष म्हणाले, पोरगी शिकलेली आहे, जागी तरी राहील. मी जागी राहिले, मामा, तिथेच सगळं बिघडलं. मी अर्ज केले, पाटबंधारे खात्याच्या साहेबांच्या कचेरीत बाकावर बसून बसून बाक गुळगुळीत केला, निधी आणला, आणि वळणावरचं तुमचं अस्तर खरवडून तिथे नवं घातलं. नवा गवंडी अतिशय चांगला निघाला. (इथे मी पुन्हा तुमची क्षमा मागते.) काम चालू असताना मी दिवसभर उन्हात उभी असायची आणि तो वैतागून म्हणायचा, ‘ताई, जरा सावलीत बसा, मलाही बसायचंय.’ पाणी सोडलं त्या दिवशी वळण कोरडं ठणठणीत. पायवाटेवर धूळ! लोकांनी माझा सत्कार केला. मी भाषण केलं की जे पाणी इतकी वर्षं वाया जात होतं ते आता एक थेंबही वाया जाणार नाही. सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या बाबा वाजवत होते.

थोड्याच दिवसांत आमची विहीर आटली.

आधी मला संबंध लागला नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ऊन जास्त आहे. मग म्हणाले, मोटारीत काहीतरी आहे. मोटारीत काही नव्हतं, तेव्हा म्हणाले, विहिरीचंही वय होतं, माणसाचं नाही का होत? आई ताट वाढता वाढता म्हणाली, ‘तिचं वय बरं पाट बांधल्या आठवड्यातच झालं!’ त्यावर बाबांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती मुकाट्याने आत गेली. मी खोलीत जाऊन पुस्तकं उघडली, कागदावर उताराचं चित्र काढलं: वर पाट, मध्ये वळण, खाली विहीर. चित्र पुरं झालं आणि मी पेन खाली ठेवलं. मामा, वाया जाणारं पाणी वाया जातच नव्हतं. ते तुमच्या अस्तरातून निघून जमिनीतल्या जमिनीत आमच्या विहिरीत येत होतं. इतकी वर्षं आम्ही तुमच्या कामाला हसत होतो आणि तुमच्याच कामाचं पाणी लिंबांना घालत होतो. तुम्हाला हे माहीत होतं का? (नव्हतं, असं आई म्हणते. तुम्हाला फक्त लवकर काम उरकून नाटकाला जायचं होतं.)

तुम्ही म्हणाल, पाट बागेच्या डोक्यावरून जातो, तर बाबांनी पाटाचं पाणी घ्यावं. मीही तेच म्हणाले. पण बाबांना पाटाच्या पाण्याचा हक्कच नाही. स्वतःची भरलेली विहीर असताना त्यांनी तो कधी मागितला नाही. आता मागावा, तर संस्थेत असा नियम आहे की पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांना नवं पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळेल. हा नियम आला कुठून, असं तुम्ही विचाराल. बाबांनीही विचारलं, ‘नियम कुणी केला?’ मी म्हणाले, मी. ते म्हणाले, ‘मग चांगलाच असणार.’ आणि खुरपं घेऊन बागेत निघून गेले. तिथे त्यांनी झाडांच्या बुंध्याशी वाळलेला पाला पसरला आहे, ओल टिकावी म्हणून. आई भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून नेऊन घालते. फळं मण्याएवढी असतानाच गळून पडताहेत, आणि वरून पाट खळखळ वाहतो आहे. शेजारपाजारचे पाटात खुशाल पाइप टाकतात. बाबा टाकत नाहीत. पोरगी सचिव आहे, म्हणतात. मी पदाचा राजीनामा द्यायला निघाले तर म्हणाले, ‘खबरदार. लिंबं काय, बाजारात मिळतात.’ लिंबांच्या मालकाने असं म्हणावं याचं मला इतकं रडू आलं की मी पंपघरात जाऊन बसले. (माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी तिथेच, स्टार्टरच्या वर टांगलं आहे, म्हणजे मोटार लावताना रोज दिसतं. आता मोटार लावायचं काम उरलेलं नाही, तरी जाऊन बघून येतात.)

शेवटी मी साहेबांच्या कचेरीत गेले आणि सगळं खरं सांगितलं, की गळती थांबवली ही चूक झाली, तर ती थोडी परत मिळेल का? साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘ताई, गळती थांबवायला तरतूद आहे. गळती लावायला नाही.’ मी म्हणाले, मग आम्ही काय करावं? ते म्हणाले, ‘तुमचा पाट गळत असता तर प्रश्नच नव्हता. दुरुस्तीचा अर्ज केला असतात, मंजुरी यायला काही वर्षं गेली असती, तोवर निवांत गळला असता.’ मला आधी राग आला. देश असा चालत नाही, असं मी त्यांना सांगितलंही. परतीच्या वाटेवर लक्षात आलं की सल्ला तसा उत्तम आहे. अडचण एवढीच की पाट गळत नाही. मी उभी राहून करून घेतला आहे ना!

आता तुम्ही म्हणाल, सचिवबाई, हळूच एक चीर पाडा आणि मोकळ्या व्हा. तर ऐका. पाटाच्या अगदी टोकाला एका बाईंचं शेत आहे, त्यांना सगळे टोकाच्या मावशी म्हणतात. त्यांच्यापर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. पाण्याच्या पाळीच्या दिवशी मावशी कोरड्या पाटात उतरून बसायच्या, का तर निदान सावली असते. नवं अस्तर झालं आणि पहिल्यांदा त्यांच्या शेतात पाणी आलं. त्यांनी टोमॅटो लावले. मामा, काय टोमॅटो आले आहेत! पहिली टोपली घेऊन त्या आमच्याच घरी आल्या. बाबांनी एक टोमॅटो उभ्यानेच खाल्ला, पुसून घेऊन दुसरा खाल्ला, आणि फार चांगला आहे म्हणाले. आमच्याच विहिरीचं पाणी आहे ते, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि आईला ठाऊक होतं. फक्त मावशींना ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून मी रोज मावशींच्या शेतावर जाते. का जाते ते सांगता येणार नाही. बांधावर उभी राहून टोमॅटोंकडे बघते आणि विचार करते की हे पाणी वाचलेलं म्हणायचं की नुसतं उचलून दुसरीकडे ठेवलेलं? टोमॅटो बघितले की वाटतं मी बरोबर केलं. घरी येऊन लिंबं बघितली की वाटतं चुकलं. मधल्या रस्त्यावर मला काहीच वाटत नाही, म्हणून हल्ली मी रस्त्यावरच जास्त वेळ असते.

असो. पत्र फार लांबलं. मामींना नमस्कार, दादाच्या छोकरीला गोड पापा. इकडची काळजी करू नये. जपून असावे.

तुमची,
भाची

ता. क. तुम्ही हवापालटाला इकडे यावं असं आम्हा सगळ्यांना फार वाटतं. येताना थापी आणि ओळंबा आणावा. पाटाला असं अस्तर हवं आहे की ज्यातून निम्मं पाणी पुढे जाईल आणि निम्मं गळेल, आणि बघणाऱ्याला ते मन लावून केलेलं काम वाटेल. मी ओळखीच्या सगळ्या गवंड्यांचा विचार केला. हे काम तुमच्याशिवाय कुणाला येणार नाही.

दुसरा ता. क. वरचा ता. क. वाचू नये. संस्थेची सचिव म्हणून मला असं लिहिण्याचा अधिकार नाही. तुम्ही केवळ हवापालटाला या. एवढंच कळवते की पुढच्या सोमवारपासून मी प्रशिक्षणाला बाहेरगावी आहे, आणि वळणावर कोण काय करतं ते मला तिथून दिसणार नाही.

तिसरा ता. क. डिंक लावलेलं पाकीट पुन्हा उघडलं आहे. आज सकाळी आई ओरडत आली की बागेत पाणी शिरलंय. धावत जाऊन बघते तर वळणावर पाटाला हे एवढं भगदाड, आणि शेजारी टोकाच्या मावशी हातात पहार घेऊन धापा टाकत उभ्या. लिंबांच्या आळ्यांतून पाणी भरून वाहत होतं. बाबा त्यांच्यावर चिडले होते, ‘अहो, तुमचे टोमॅटो वाळतील ना!’ तर त्या म्हणाल्या, ‘वाळले तर परत लावीन. लिंबाचं झाड परत लावून मी जगणार हाय का बघायला?’ मी विचारलं, मावशी, तुम्हाला हे सांगितलं कुणी? त्या म्हणाल्या, ‘सांगायला कशाला पाहिजे? रोज येऊन बांधावर उभी राहतीस आणि टोमॅटोकडं बघून उसासे टाकतीस. मला वाटलं दृष्ट लावतीय पोरगी. म्हणून तुझ्या आईला गाठून विचारलं.’

संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल त्यांना नोटीस द्यावी लागेल. ती मीच लिहायची आणि मीच वाचून दाखवायची. मावशी म्हणतात, सावकाश दे, घाई नाही. दुरुस्तीचा अर्ज मात्र मी आजच साहेबांकडे पाठवला आहे. अर्जात एक अक्षरही खोटं नाही, पाट खरोखरच गळतो आहे.

पण मामा, भगदाड फारच मोठं झालं आहे. सगळं पाणी लिंबांत शिरतं आणि टोकाला थेंब जात नाही. म्हणून बाबा पाटाच्या काठावर बसून भगदाडात पाय घालून आहेत. पाय बाहेर काढला की पाणी बागेत, दाबून धरला की पुढे टोमॅटोंना. आता ते दमले म्हणून मावशी बसल्या आहेत, आणि बाबा लांबून ओरडून त्यांना सांगताहेत, ‘थोडा आणखी दाबा, तुमच्या शेताला कमी जातंय!’ त्या ऐकत नाहीत. तेव्हा हवापालट वगैरे राहू दे, मिळेल त्या गाडीने या. पुढची पाळी माझी आहे, आणि पाणी भयंकर गार आहे.