मुठीवरची तार

ता. ९ एप्रिल, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, चिंगीला गोड पापा. सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी "सगळं मजेत" म्हणाले, कारण बाबा समोरच बसले होते आणि त्यांना फोन स्पीकरवर लागतो. आत्ता त्यांचा डोळा लागलाय, तोवर लिहून टाकते.

आधी गाडीचं सांगते. आपली म्हातारी ऑफिसच्या चढावर ठोकायला लागली. सपाट रस्त्यावर गुणी बाळ, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज. पाय काढला की गप्प. मी दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून चढ चढायची. मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे.

बाबांना सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. गॅरेज बंद केल्यापासून त्यांना कुणी आजारी गाडी दाखवली नव्हती ना! "टायमिंग पुढं गेलंय," म्हणाले, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर ढिला करून केसभर फिरवला, प्लग काढून घासले. आवाज होता तसाच. पुन्हा केसभर फिरवला. मग मला म्हणाले, "तुलाच गाडी चालवता येत नाही." मी ऐकून घेतलं. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

काल त्यांना न सांगता गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली. तेच रे, बाबांच्या हाताखाली शिकलेले. शेजारी बसले आणि म्हणाले, "तिसऱ्यात टाक आणि दाब." मी दाबला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "वरचा आवाज आहे, बेअरिंगचा नाही. बेअरिंग गेलं असतं तर खालून धडधडलं असतं. पेट्रोल वेळेआधीच पेटतंय." टायमिंग तपासलं तर बरोबर. पाणी, पंखा, सगळं ठीक. मग त्यांनी टाकीचं झाकण उघडून नाक खाली नेलं.

"पोरी, यात रॉकेल आहे. भरपूर आहे."

मी पंपवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं. "घरी डब्यातून कोण ओततं?"

कोण ओतणार? अर्धी टाकी घेऊन गाडी उभी ठेवणं हे बाबांच्या लेखी पाप आहे. शेडमध्ये दोन डबे असतात, एक पेट्रोलचा, एक सुटे भाग धुवायच्या रॉकेलचा. दोन्ही सारखेच. पेट्रोलच्या डब्याच्या मुठीला तार गुंडाळलेली असते, डोळ्यांत ग्रीस गेलं तरी हाताला कळावं म्हणून. हे आपल्याला चालायला लागल्यापासून पाठ आहे. जुनी तार गंजली म्हणून त्यांनी मध्ये नवी गुंडाळली होती. चकचकीत, एकेक वेढा शेजारी शेजारी. मी कौतुकही केलं होतं. कुठल्या डब्याला गुंडाळली ते मी बघितलं नव्हतं.

काकांनी टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल भरलं. चढावर चिडीचूप. मी हसायला लागले. ते हसले नाहीत. म्हणाले, "रॉकेल गाडीत गेलं. मग रॉकेल समजून पेट्रोल कशात गेलं?"

दादा, शेडमध्ये बाबांचा चहाचा स्टोव्ह आहे.

मी घर कसं गाठलं ते मला सांगता येणार नाही. शेडचं दार उघडं होतं. बाबा स्टूलवर बसून स्टोव्हला पंप मारत होते. शेजारी दोन कप आणि चिंगीचा मागच्या सुट्टीतला छोटा पेला, धुऊन पालथा घातलेला. हातात काडेपेटी. दारातच मला पेट्रोलचा वास आला. त्यांना तो स्टोव्ह नाकाशी असूनही आला नव्हता. मी काडेपेटी हिसकावली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. ते एवढंच म्हणाले, "अगं, चिंगी सुट्टीला यायच्या आधी एकदा पेटवून बघत होतो."

मी म्हटलं, नाक गेलं असेल. त्या तापानंतर त्यांना भाजी करपलेली कळत नाहीच. काल संध्याकाळी त्यांच्यासमोर तार सोडली आणि पेट्रोलच्या डब्याला गुंडाळली. "चुकलं गं, वय झालं," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. रात्री मी नीट झोपले.

आज सकाळी तार पुन्हा रॉकेलच्या डब्याला होती. तितकीच घट्ट, तितकीच सुबक. मी विचारलं. ते म्हणाले, "पेट्रोलच्या डब्याला तार असते, विसरलीस?" कालचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. काल मी ओरडले हेसुद्धा नाही.

हे मला लिहायचं नव्हतं. गाडीचंच लिहून पत्र संपवणार होते.

आता दोन्ही डबे काकांकडे आहेत, स्टोव्ह माझ्या कपाटात, घरातल्या सगळ्या काडेपेट्या माझ्या पर्समध्ये. उद्या ऑफिसात सगळ्यांना वाटेल मी सिगारेट ओढायला लागले. पण बाबा सकाळपासून शेडमध्ये काहीतरी शोधत होते आणि काय शोधतात ते मला सांगत नाहीत. मला भीती वाटते, दादा. ज्या हातांवर डोळे मिटून विसंबले, त्याच हातांवर आज सकाळपासून लक्ष ठेवून आहे.

चिंगीला एकटीला पाठवू नकोस. तिला आणायला स्टेशनवर स्वतः जायचं म्हणून ते रोज गाडी पुसतात. आज सकाळपासून किल्लीही त्यांच्या खिशात आहे. मी दोनदा मागायला गेले आणि चहा हवा का विचारून परत आले. ती किल्ली तू येऊन माग. त्यांनी तुला शिव्या घातल्या तरी माग. मला एकटीला हे जमणार नाही.

ते उठले वाटतं. शेडच्या दाराचा आवाज आला. जाते.

दार वाजलं की धावणारी,
तुझी धाकटी