तिखाडीच्या तेलाचे हात

प्रिय आत्या,

आज सकाळी करंडी उघडली. दोन संत्री देठापाशी कुजलेली निघाली, पण तेवढी तुझ्याही करंडीत निघायची. बाकी सगळी टणक आहेत, हिरवी बुरशी कुठेच नाही. हे तुला नाही तर कोणाला सांगू?

परतवाड्याच्या आपल्या बागेत तू फळं निवडायला बसायचीस, ती आधी गुडघ्यांना तेल चोळून. मेळघाटातल्या भट्टीवरचं, तिखाडी गवताचं तेल. गुलाबासारखा वास, पण उग्र. मग हात पुसायचीस ते करंडीत घालायच्या गवतालाच! ती करंडी अकोल्याला, जठारपेठेत, तुझ्या सुमनकडे जायची आणि संक्रांतीपर्यंत टिकायची. हळदीकुंकवाला सुमन तीच संत्री वाण म्हणून द्यायची. बायका म्हणायच्या, तुझ्या आईच्या हाताला गुण आहे.

मग मी शेतकी कॉलेजातून शिकून आलो. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मला वाटायचं, आता सगळं माझ्यापासूनच सुरू होणार. तुझ्यापुढे साबणाची वडी ठेवली. म्हणालो, तेलकट हातांनी फळ खराब होतं.

"कावून रे? इतके वर्स काई झालं नाई, ते आताच होते काय?" एवढंच बोललीस आणि हात धुऊन आलीस. का ऐकलंस माझं? एरवी कोणाचं ऐकणारी होतीस तू?

त्या संक्रांतीला सुमनने बायकांसमोर करंडी उघडली, तर फळांवर हिरवी बुरशी. कुणीतरी म्हणालं, आईचे हात थकले आता. ते तुझ्या कानावर आलं. "माया हातातली बरकतच गेली रे," तू म्हणालीस, "आता मले निवडाले बसवू नोको." मी धुक्याला दोष देऊन मोकळा झालो. पुढचा बहार पाहायला तू राहिलीच नाहीस.

तुझा कोनाडा आवरताना तेलाच्या बाटलीचं बूच निघालं आणि खोलीभर तुझ्या करंडीचा वास पसरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथेच बसून रडलो, आत्या. शिकून माणूस इतका गाढव कसा होतो?

पहिल्या वर्षी तेल थेट फळांनाच चोपडलं. सालींवर तपकिरी चट्टे उठले. तू असतीस तर हसून लोळली असतीस. यंदा मात्र शहाणा झालो. एकाच दिवशी, एकाच झाडाच्या दोन करंड्या भरल्या. एकीच्या गवताला तेलाचे हात पुसले, दुसरीचं कोरडं ठेवलं. कोरडीत बुरशी चढली. त्या वासात बुरशी वाढत नाही, याची आता मला खात्री आहे. पुढच्या बहाराला बागेतल्या सगळ्या करंड्या अशाच भरणार. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

संक्रांत चार दिवसांवर आली. ही करंडी मी स्वतः जठारपेठेत नेतो आहे. त्याच बायका येतील. सुमन वाण देईल तेव्हा मी दारात उभा राहून त्यांना सांगीन, हे तुला वचन: आत्याच्या हातांचा गुण कधी गेलाच नव्हता. तो मी साबणाने धुवायला लावला होता.

तुझा भाचा,
वसंता