कललेल्या इमारतीचे आकडे

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हे आकडे माझे नाहीत.

बाकोस भागातल्या त्या उंच इमारतीचा कल मागच्या आठवड्यात मी स्वतः यंत्र लावून मोजला. रस्त्याकडे झुकतेय, आणि झुकण्याचा वेग वाढतोय. आज ऑफिसच्या नेटवर्कवर तीच फाइल उघडली, तर इमारत सरळ उभी! शेवटचा बदल कुणी केला, तर — नशवा. म्हणजे मी. माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने. त्या वेळी मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रऊफसाहेबांकडे गेले. विभागप्रमुख, आणि माझे गुरूही. यंत्राला हात कसा लावायचा इथपासून त्यांनीच शिकवलं. सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"यंत्रसुद्धा थकतं, पोरी. पुन्हा मोजू."

"केव्हा?"

"अहवाल गेल्यावर."

अहवाल गेल्यावर मोजून काय करायचं? तेवढं विचारायचा धीर झाला नाही. मग म्हणाले, "तुझे वडील पेन्शनवर. तुझं लग्न व्हायचंय. मालकाच्या वाटेला जाऊ नकोस. ऑफिसही त्याचं, ती इमारतही त्याचीच." सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

यांनीच केलंय. दुसरं कोण करणार?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी इमारतीवर जाऊन आले. तळमजल्यावर हजला जाऊन आलेल्या हाज्जा सनिया राहतात, शाळेचे गणवेश शिवतात. दार लागत नाही म्हणून दोरीने ओढून बांधलेलं.

"तासून तासून चौकटीपेक्षा लहान झालं, इंजिनियरबाई, तरी अडकतंय. सुतार म्हणतो, हाज्जा, दार सरळ आहे, तुझं घरच वाकडं." हसल्या. पुदिन्याचा चहा पुढे ठेवला. मग हसू पुसून म्हणाल्या, "खरं सांग. राहू की जाऊ?"

"अहवाल येईल," मी म्हटलं. काय पण उत्तर.

जिन्यातल्या भेगेत माझी बोटं आत जातात. आणि दर नोव्हेंबरला समुद्रावरून येणारं मकनसाचं वादळ तोंडावर आलंय. कोळ्यांनी होड्या आत ओढायला घेतल्यात.

दुपारी गिरगिसला गाठलं. ऑफिसचं नेटवर्क तो सांभाळतो. यंत्र आपणहून लिहितं त्या मूळ नोंदी जुन्या फोल्डरमध्ये अजून आहेत. पण रविवारी तो फोल्डर पुसायचा, मालकाचा हुकूम आहे. पेनड्राइव्ह इथे चालत नाही. गिरगिस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "घरून काम करायचीस तेव्हाची नेटवर्कची वाट आठवते ना? उद्या बघ चालते का. मी काही बोललो नाही. मी तुला आज बघितलंच नाही. बघितलं असतं तर म्हणालो असतो, जरा केस विंचरून येत जा."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बाबा नमाजाला गेले आणि मी कॉम्प्युटर लावला. वाट उघडी होती.

फाइली थेंब थेंब उतरत होत्या. निम्म्या झाल्या आणि इंटरनेटचा पॅक संपला. खाली धावले — दुकान नमाजासाठी बंद. शटरसमोर उभी राहिले. येणारा जाणारा प्रत्येक जण माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं. दुकान उघडल्यावर पॅक भरून आले, उरलेल्या लावल्या.

शेवटच्या उतरत असताना बाबा आले. लपवून काय उपयोग? सांगून टाकलं. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस. म्हणाले, "आम्ही भिंतीच्या कडेकडेने चाललो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पोरी. म्हणून धड आहोत."

"बाबा, भिंतच पडायला आलीय."

त्यांनी उठून मासे-भात गरम केला, ताट कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ऑफिसच्या बोळात रऊफसाहेबांनी थांबवलं. "काल घरून बरंच काम केलंस म्हणे."

"हो."

"सगळं झालं?"

"झालं."

"बरं." आणि निघून गेले.

यांना कळलंय. कसं कळलं? गिरगिसची खुर्ची रिकामी. तांताला भावाकडे गेला म्हणतात. फोन बंद.

रविवार, ९ नोव्हेंबर

जुना फोल्डर गेला. ऑफिसात आता माझ्या नावाचे खोटे आकडे आहेत. खरे फक्त आमच्या जेवणाच्या टेबलावर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी खालचा दुकानदार म्हणाला, "दोघं जण विचारत होते, ट्रामवाल्याची मुलगी कितव्या मजल्यावर राहते. स्थळ आलंय का काय?" मी हसले. वर येऊन कडी लावली, मग पुन्हा तपासली.

बाबांनी ऐकून घेतलं. कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या, चादरीत गाठोडं बांधलं, उराशी धरलं. "चल. दोघं जाऊ." जो बाप आयुष्यात कधी कचेरीची पायरी चढला नाही, तो सरकारी वकिलांच्या कचेरीत माझ्यापुढे चालत होता.

वकील तरुण होता. "ऑफिसच्या फाइली घरी न्यायची परवानगी होती?"

"नाही."

"आकडे कुणी बदलले?"

"आमचे मुख्य इंजिनियर, रऊफ."

"बदलताना पाहिलंत?"

"त्यांच्याशिवाय कोणी नाही." त्याने लिहून घेतलं. मी सही केली. फाइली ठेवून घेतल्या. कॉम्प्युटरही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोलिसांनी इमारत रिकामी केली. हाज्जा सनियांचं शिलाई मशीन हातगाडीवर. रडून डोळे सुजलेले. धाकटी बहीण कफ्र अश्रीला असते, तिच्याकडे निघाल्या. माझा हात धरला.

रऊफसाहेबांना घरातून नेलं. त्यांची बायको चपला न घालताच गाडीमागे आली होती म्हणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वादळ. पहाटे इमारतीचा जिना कोसळला, वरचे मजले त्याच्यामागोमाग. आत कोणी नव्हतं.

सगळ्यांना बाहेर काढणारे आकडे माझ्या घरी उतरले होते. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गिरगिस परत आला. दाराबाहेरच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "आकडे मालकाच्या खोलीतून बदलले होते, नशवा. आणि घरची ती वाट मी कधीच बंद करून टाकली होती. त्या गुरुवारी सकाळी रऊफसाहेबांनी माझ्याशेजारी बसून ती उघडून घेतली. म्हणाले, पोरीला सांग, पण माझं नाव काढू नकोस."

मालक देश सोडून गेला. रऊफसाहेब चौकशीत अजून एक शब्द बोललेले नाहीत.